दूध लाल करायची परवानगी

आमच्या घरात दुधाला पांढरं राहण्याची सक्ती आहे. तसं कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण मायच्या राज्यात लिहायची गरज पडत नाही. सायीला किंचित पिवळेपणाची सूट मिळते. कोजागिरीला केशर पडल्यावर दूध रंगलं तर चालतं, कारण तो रंग वरून पडलेला असतो. खालून आलेला रंग मात्र गुन्ह्यात जमा. पातेल्याच्या बुडाशी दूध जरा तांबूस झालं की घरभर वास सुटतो, आणि वास ओसरीवर पोचायच्या आत तिकडून मायचा आवाज येतो, "दुधापाशी कोण होतं?"

हा प्रश्न मी कळायला लागल्यापासून ऐकतो आहे. कंधारात वाढलेल्या पोराला पोहता येवो न येवो, सायकल येवो न येवो, दुधाकडे लक्ष ठेवता आलंच पाहिजे. चुलीवर दूध ठेवायचं आणि समोर एक पोरगं बसवायचं. पोरानं दुधाकडे बघायचं. दूधही पोराकडे बघत असतं, हे अनुभवानं कळतं. पोरानं मान वळवली की ते वर येतं. पुढं सगळी नोकरी मी वर्गात 'लक्ष द्या रे, लक्ष द्या' असं ओरडण्यात काढली, पण लक्ष देणं म्हणजे काय याचं माझं शिक्षण चुलीपुढंच संपलं होतं.

या कायद्याला एकच पळवाट होती, ती म्हणजे खरवड. दुधाचं पातेलं रिकामं झालं की बुडाला आणि कडेला धरलेला तांबूस थर सराट्यानं खरवडायचा, वर चिमूटभर साखर टाकायची आणि पोरांच्या तळहातावर ठेवायचा. ज्या रंगापायी सकाळी बोलणी बसली, तोच रंग दुपारी वाटून मिळायचा. खरवडीवरून आम्हा भावंडांत मारामाऱ्या होत. गुन्ह्याचा मुद्देमाल आपण मिटक्या मारत खातो आहोत, हे मायसकट कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

माझ्या ध्यानात आलं ते पुण्यात. सुट्टीत लेकीकडे गेलो होतो. नातू मला एका हॉटेलात घेऊन गेला. त्याला हॉटेल म्हणायचं नाही, कॅफे म्हणायचं, हे त्यानं जिन्यातच बजावलं. तिथं धिरड्याच्या आकाराचा पण बोटभर जाडीचा गोड पदार्थ समोर आला, आणि पोऱ्यानं त्याच्यावर दोन चमचे तांबूस, चकचकीत, घट्टसर काहीतरी ओतलं. मी बोट लावून चाखलं. खरवड! बुडाला न चिकटलेली, मऊसूत, चमच्यातून सरळ ओघळणारी, पण खरवडच. नातू म्हणाला, "आबा, दुल्से दे लेचे." मला त्यातलं फक्त 'दे' कळलं. बिल आल्यावर ते आणखी नीट कळलं. त्या दोन चमच्यांची बिलात वेगळी ओळ होती, आणि ओळीपुढं 80 रुपये.

80 रुपयांत आमच्याकडे सव्वा लिटर दूध येतं आणि वर गवळ्याशी गप्पा मारायला मिळतात. परतीच्या गाडीतच मी ठरवलं, हे घरी करायचं. निवृत्त माणसाकडं दोनच गोष्टी मुबलक असतात, वेळ आणि हट्ट. या पदार्थाला तेवढंच लागतं असं नातवाच्या फोनवरून दिसत होतं. दूध, साखर, चिमूटभर खाण्याचा सोडा, आणि तासन् तास हलवणं.

आता दुधाचं बघायचं होतं. कंधार म्हटलं की बाहेरच्या माणसाला किल्ला आठवतो. राष्ट्रकूटांचा वारसा, भोवती खंदक, शेजारी जगत्तुंग समुद्र नावाचं तळं. शेतकऱ्याला मात्र कंधार म्हटलं की लाल कंधारी आठवते. ही आमच्या गावाच्या नावाची गोवंशाची जात. अंगभर एकसारखा तांबडा रंग, वळू गाईहून गडद, डोळ्यांभोवती काळी कड. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ही जनावरं बघायला लांबलांबचे लोक येतात. लोहा तालुका वेगळा व्हायच्या आधी माळेगाव आमच्याच कंधार तालुक्यात होतं, हे सांगितल्याशिवाय कंधारचा माणूस पुढं सरकत नाही, म्हणून सांगितलं.

तर माझ्या डोक्यात आलं, दूध लाल करायचं तर ते लाल कंधारीचंच घ्यावं. गावाची गाय, गावाचं दूध, म्हणजे पुण्याच्या कॅफेला परस्पर उत्तर. सकाळी गवळी कॅन घेऊन आल्यावर मी ही मागणी नोंदवली. त्यानं कॅन खाली ठेवली आणि माझ्याकडं नीट बघून घेतलं.

"गुरुजी, गाय लाल हाय म्हणून दूध लाल होतंय का?"

"लाल मी करतो. तू फक्त दूध दे."

"लाल कंधारी दुधासाठी जलमलीच न्हाई. ती औतासाठी जलमली. सकाळी वासरानं पिऊन राहिलं तर लिटर-दीड लिटर. तेवढं तर मपल्या घरच्या च्यालाच लागतंय."

त्याचं म्हणणं खरं आहे. लाल कंधारी एका वेतात सरासरी 600 लिटरच्या आसपास दूध देते. चांगली होल्स्टिन गाय तेवढं महिना-दीड महिन्यात देऊन मोकळी होते. पण होल्स्टिनच्या गोऱ्ह्याला मे महिन्यात आमच्या काळ्या रानात औताला जुंपून दाखवा, मग बोलू. ज्या मुलखात ऊन एवढं आणि पाऊस तेवढा, तिथं जनावर निवडताना लोकांनी आधी बैल बघितला, दूध नंतर. म्हणून आमच्याकडे बासुंदी ही लग्नातली गोष्ट होती, आणि घरी दूध आटवणं म्हणजे हातात असलेल्या थोडक्याचं आणखी थोडकं करणं. मायचा पांढरेपणाचा कायदा असा उगाच आलेला नाही. जळालेल्या दुधाचा हिशेब तिच्या डोळ्यापुढं थेट वासराच्या तोंडापर्यंत जातो.

गवळ्यानं म्हशीच्या दुधावर तडजोड सुचवली. मराठवाडी म्हैस त्याच्याकडं आहे, शिंगं लांब आणि स्वभाव गवळ्यासारखाच. पण म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त, घट्टपणा जास्त. ते लवकर आटतं खरं, पण त्याचा ओढा रवाळ होण्याकडं असतो. पेढ्याला ते उत्तम. ओघळणाऱ्या पदार्थाला गाईचं बरं. हे सगळं मी त्याला सांगितलं. त्यानं दुसऱ्या दिवशी लाल कंधारीचं लिटरभर दूध आणून दिलं आणि वर म्हणाला, "आज घरचा च्या कोराच पिला, गुरुजी. तुमचं काय व्हतं ते दाखवा." म्हणजे पहिल्या दिवसापासून या प्रयोगाला देणेकरी होता.

लिटरभर दुधाला पाव किलो साखर आणि पाव चमचा सोडा. साखर बघून ही म्हणाली, "तुमची शुगर?" मी म्हटलं, "ही माझ्यासाठी नाही, विज्ञानासाठी आहे." सोड्यावरून मात्र मायनं चुलीपर्यंत येऊन विचारलं, "दुधात सोडा? धुणं धुवायलास का?" तिचं शंका घेणं रास्त होतं, कारण सोडा आमच्याकडं फक्त भज्यात पडतो. पण दूध आटत जातं तशी त्यातली आंबटाई दाटत जाते, आणि दाटलेल्या आंबटाईनं दूध फाटू शकतं. सोडा ती आंबटाई मारतो. शिवाय सोड्यानं रंग लवकर चढतो. फक्त तो पडला की दूध एकदम फसफसून वर येतं, म्हणून पातेलं निम्मंच भरायचं. ते वर आलं तेव्हा स्वयंपाकघरात असलेल्या तिन्ही पिढ्या एकदम ओरडल्या, आणि ओरडणाऱ्यांत मीही होतो. चुलीपुढचं शिक्षण असं जाता जात नाही.

बुडाला लागू नये म्हणून काय करायचं, यावर घरात दोन पक्ष पडले. आमच्याकडची जुनी रीत म्हणजे पातेल्याच्या तळाशी एक छोटी बशी उपडी ठेवायची. दूध उकळलं की बशी खडखडत राहते आणि तळाचं दूध बसू देत नाही. नातवानं फोनवर बघितलं होतं की अर्जेंटिनात यासाठी पातेल्यात काचेच्या गोट्या टाकतात. त्या तळाशी फिरत राहतात, दूध आपोआप हलतं. तो खिशात हात घालून गोट्या काढायला लागला. सुट्टीला कंधारात आल्यावर गल्लीतल्या पोरांकडून जिंकलेल्या होत्या त्या. माय म्हणाली, "नालीतल्या गोट्या दुधात घालतूस?" नातू म्हणाला, "उकळल्यावर जंतू मरतात, पणजी." माय म्हणाली, "नाली मरत न्हाई." शेवटी बशी जिंकली. तिचा खडखडाट पुढं दोन तास चालला, आणि तेवढ्यात घरातलं एकही वाक्य एका दमात पूर्ण झालं नाही. मला ते मानवलं.

मला मानवलं, कारण एव्हाना माणसं जमायला लागली होती. दूध आटायला लागलं की त्याचा वास भिंत ओलांडतो. पहिल्यांदा शेजारच्या खाला आल्या. त्यांच्या हातचा शीरखुर्मा आणि 'डबल का मीठा' गल्लीत प्रसिद्ध आहे. आमचा मुलूख 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. निजाम गेला, पण पावाचे तुकडे तुपात तळून, पाकात आणि आटीव दुधात बुडवायची अक्कल इथंच ठेवून गेला. खालांनी पातेल्यात डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "गुरुजी, आँच कम करो जी. ऐसा गोल गोल नक्को हलाओ, तले से खुरचो." त्या बोलून होतात न होतात तोच ही म्हणाली, "अहो, मी मघापासून तेच सांगायलेय." मग बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले शेजारी आले. त्यांना स्वयंपाकातलं काही कळत नाही, त्यामुळं त्यांचा सल्ला सगळ्यात लांब होता. पातेलं छोटं आहे, पसरट पातेल्यात वाफ लवकर जाते, असं त्यांनी पृष्ठभागाच्या क्षेत्रफळासह समजावलं. ते बरोबर होतं, हीच पंचाईत. कंधारात एकेकाळी क्षेत्रपालाचा अवाढव्य पुतळा उभा होता, त्याचे तुकडे अजून बघायला मिळतात. तो पुतळा उभा करतानाही राष्ट्रकूटांच्या कारागिरांना गल्लीतल्या लोकांनी पाय जरा पसरट घ्यायला सांगितलं असणार, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

अर्ध्या तासात दूध मलईच्या रंगाचं झालं. तासाभरात बदामी. इथपर्यंत मंडळी शांत होती, कारण बासुंदीपर्यंतचे रंग सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. बदामीच्या पुढं रंग सरकला आणि घरातली हवा बदलली. माय उठून उभी राहिली. ती काठीशिवाय उभी राहत नाही, तेव्हा राहिली.

"लागूलालंय रे. दूध लागूलालंय. उतरव."

"लागत नाहीये माय. लाल होतंय."

"तेच म्हणूलाले मी."

खरी कसोटी इथं होती. दूध लाल करायला दुधापाशी उभं राहण्याचा धीर लागतो असं मला वाटलं होतं. तो धीर माझ्याकडं लहानपणापासून आहे. धीर लागतो तो दुधापाशी उभ्या असलेल्या बाकीच्यांचं ऐकून घ्यायचा. आमच्या घरातला प्रत्येक चांगला माणूस, प्रत्येक जबाबदार माणूस, ते पातेलं वाचवायला टपला होता. हिनं एकदा गॅस बंद केला, मी चालू केला. खालांनी पाण्याचा शिपका मारायला तांब्या उचलला. गल्लीत एखादं पोर विहिरीत पडलं असतं तर एवढी माणसं एवढ्या तातडीनं धावली असती की नाही, सांगता येत नाही.

मी मास्तर. अडचणीत सापडलो की शिकवतो. मी पळी फिरवता फिरवता सांगायला सुरुवात केली. साखर जळून हा रंग येतो असा सगळ्यांचा समज असतो. तसं नाही. नुसती साखर तांबूस व्हायला 160 अंशांच्या पुढं जावं लागतं, आणि दुधात पाणी शिल्लक आहे तोवर पातेलं शंभराच्या फार वर जात नाही. मग रंग येतो कुठून? दुधात मुळातच स्वतःची साखर असते, लॅक्टोज नावाची, आणि प्रथिनंही असतात. उष्णतेत ही दोघं एकमेकांना भिडतात आणि त्यातून नवा रंग, नवा वास, नवी चव तयार होते. 1912 साली लुई कामीय मैयार या फ्रेंच माणसानं हे पहिल्यांदा नीट मांडलं. तो काही बासुंदी करायला बसला नव्हता, प्रथिनांचा अभ्यास करत होता. भाकरीवर पडणारे तांबूस डाग, परतलेला कांदा, भाजलेले शेंगदाणे, सगळीकडं हाच प्रकार चालतो.

"म्हंजे भाकर करपती तेच," माय म्हणाली.

"करपण्याच्या अलीकडं, माय."

"अलीकडं म्हंजे किती?"

हा प्रश्न मैयारलाही अवघड गेला असता.

मग मी कुंथलगिरीचा मुद्दा काढला. कुंथलगिरीचा पेढा तांबूस, सातारचा कंदी पेढा तांबूस, धारवाडचा तर पार कॉफीच्या रंगाचा. तो आणला की माय दोन खाते. तिथं खवा आचेवर भाजून भाजूनच रंग आणलेला असतो. विकत आणलेला तांबूसपणा चालतो आणि घरी आलेला चालत नाही, हे कसं? माय म्हणाली, "त्यांचं दूध हाय. त्यांनी काय बी करावं." तिच्या न्यायशास्त्रात मालकीला फार महत्त्व आहे.

एवढ्यात ही बाहेर जाऊन लातूरच्या बहिणीला फोन लावून आली. बहिणीचं म्हणणं, एवढा उपद्व्याप कशाला, दुकानातून गोड आटीव दुधाचा डबा आणायचा, कुकरमध्ये टाकायचा, शिट्ट्या करायच्या, झालं. हा मार्ग आहे. दूध आटवून टिकवायची युक्ती अमेरिकेतल्या गेल बोर्डन या माणसानं 1856 साली पेटंट करून ठेवलेली आहे, आणि जगभरातल्या उतावीळ गृहिणी तो बंद डबा उकळून दूध लाल करत आलेल्या आहेत. पण बंद डबा पाण्यात पूर्ण बुडालेला पाहिजे. पाणी आटून डबा उघडा पडला तर तो फुटतो, आणि आतलं कढत दूध अंगावर येतं. डबा तयार करणारेसुद्धा असं करू नका म्हणून सांगतात. लातूरच्या त्याच मेव्हणीच्या स्वयंपाकघराच्या छतावर पंख्याशेजारी एक तांबूस नक्षी आहे. ती कशाची, हे मी आजवर नात्याच्या भिडेनं विचारलं नव्हतं. त्या दिवशी हिला विचारलं. फोन लगेच ठेवला गेला. ज्याला कुकरच वापरायचा असेल त्यानं डबा फोडून दूध स्टीलच्या डब्यात ओतावं, वर झाकण ठेवावं, वरणाबरोबर ठेवतो तसं ठेवावं. सुरक्षित आहे, चवही बरी येते. पण त्यात आपण काही केलं असं वाटत नाही, आणि शेजारीही जमत नाहीत.

दूध आता काळ्या मनुकांच्या वाटेला लागायच्या आत थांबवायचं होतं, आणि मंडळींना बोलण्यात गुंतवणं भाग होतं. म्हणून मी त्यांना गोष्ट सांगितली. अर्जेंटिनातले लोक ती अभिमानानं सांगतात. साल 1829. ब्यूनस आयरेसजवळ कान्युएलास गावी हुआन मान्युएल दे रोसास याचा तळ पडलेला. त्याचा वैरी सेनापती हुआन लावाये तह करायला आला. रोसास जागेवर नव्हता. दमलेला लावाये सरळ रोसासच्याच खाटेवर आडवा झाला आणि त्याचा डोळा लागला. इकडं कामाच्या बाईनं चुलीवर साखर घातलेलं दूध ठेवलेलं. ती आत येऊन बघते तर मालकाच्या खाटेवर शत्रू. ती शिपायांना बोलवायला धावली. सगळी धावपळ मिटली तेव्हा दूध आटून तांबूस झालेलं होतं. कुणीतरी चाखून बघितलं, आणि देशाला राष्ट्रीय पदार्थ मिळाला. इतिहासाचे लोक या गोष्टीवर भरवसा ठेवत नाहीत. दूध-साखर आटवायची रीत त्या खंडात आधीपासून होती असं म्हणतात.

खाला मन लावून ऐकत होत्या. "फिर सुलह हुई क्या?" त्यांनी विचारलं. मायला तहात रस नव्हता.

"त्या बाईला कुणी इचारलं न्हाई का, दुधापाशी कोण होतं म्हणून?"

सगळ्या दक्षिण अमेरिकेच्या इतिहासात हा प्रश्न कुणी विचारला नसेल. उलट 2003 साली अर्जेंटिनानं हा पदार्थ आपला सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केला, तेव्हा शेजारच्या उरुग्वेनं हरकत घेतली, की तो आमचाही आहे. म्हणजे दूध जळल्याचं श्रेय घ्यायला दोन देश भांडले. आमच्याकडं दूध जळालं की सगळे दुसऱ्याकडं बोट दाखवतात. तिकडं 11 ऑक्टोबर हा या पदार्थाचा दिवसही पाळतात. आपली कोजागिरी बहुधा त्याच महिन्यात येते. एकाच महिन्यात पृथ्वीच्या दोन टोकांना माणसं आटवलेल्या दुधाभोवती जमतात. त्यांना चंद्र लागत नाही एवढंच.

दोन तासांच्या आसपास पळीनं पातेल्याच्या तळावर रेघ ओढली, तर ती क्षणभर तशीच राहिली आणि मग हळूच मिटली. थंड बशीवर थेंब टाकला, तो पसरला नाही. गॅस बंद केला. इथं थांबायचं असतं, कारण गार झाल्यावर ते आणखी घट्ट होतं. गरम असतानाच हवं तेवढं घट्ट केलं तर सकाळी त्याच्या वड्या पाडाव्या लागतात. लिटरभर दुधाचं एवढंसं झालं होतं. दुधात शेकडा 87 भाग पाणीच असतं हे मी आयुष्यभर शिकवलं, पण ते पाणी छताला जाऊन लागलेलं त्या दिवशी पाहिलं.

रंग विचाराल तर लाल कंधारीच्या पाठीचा. हुबेहूब. गवळी संध्याकाळी आला तेव्हा मी वाटी त्याच्यापुढं धरली. त्यानं आधी रंग बघितला, मग बोट घातलं, मग बोट पुन्हा घातलं. "गुरुजी, गाईचा गुन उतरला," म्हणाला. मी त्याला मैयारचं नाव सांगितलं नाही.

खायचं कशाबरोबर, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. नातवानं पोळीला लावून गुंडाळी केली आणि उभ्या उभ्या संपवली. मॅनेजर साहेबांनी ज्वारीच्या कडक भाकरीच्या पापुद्र्यावर घालून बघितलं. कल्पना विचित्र, चव जमलेली. भाकरीच्या किंचित खरपूस चवीवर ते गोड बसतं. धपाट्याबरोबर मात्र जात नाही. लसूण आणि हे यांच्यात तह होऊ शकत नाही. ही म्हणाली, सीताफळाच्या दिवसांत गरावर घालून बघू. खालांनी घरून 'डबल का मीठा'ची वाटी आणली आणि त्यावर दोन चमचे सोडले. तेव्हा स्वयंपाकघरात पहिल्यांदा शांतता झाली, बशीही नव्हती खडखडायला. पुण्यातल्या कॅफेवाल्याला हे कळलं तर तो बिलात तीन ओळी वाढवेल.

राहिली माय. तिनं चमचा घेतला नाही. बोटाला घेतलं, जिभेला लावलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. मग ती म्हणाली, "खरवड हाय."

"हाय ना? मी पुण्यातच ओळखलं."

"हाय. पण खरवड दूध पिऊन झाल्यावर उरती रे. तू आख्खं दूध घालवलंस खरवडीपायी."

याला उत्तर नाही. आमच्या घरात खरवड फुकट होती, ती लिटरभर दुधाची, पाव किलो साखरेची आणि दोन तासांच्या गॅसची झाली. मी कागदावर हिशेब मांडून बघितला. चमच्याला कॅफेपेक्षा पुष्कळच स्वस्त पडतं, पण ते माझी मजुरी शून्य धरून. मॅनेजर साहेबांनी मजुरी धरायला लावली तेव्हा मी कागद फाडला. मायनं मात्र वाटी खाली ठेवली नाही. रात्री फळीवरचा डबा जागेवर नव्हता, तो सकाळी तिच्या उशालगत निघाला. कायदा तिनं मागे घेतलेला नाही. आजही पातेलं तांबूस झालं की प्रश्न येतोच. फक्त मी असलो तर आता दुसरा प्रश्नही येतो, "मुद्दाम करूलालास का चुकून?" मुद्दाम असेल तर परवानगी आहे.

यानंतर मी गप्प बसायला हवं होतं. पण मास्तरला माहिती पचत नाही. मी खालांना सांगून बसलो की मेक्सिकोत सेलाया नावाचं गाव आहे, तिथं हाच पदार्थ शेळीच्या दुधाचा करतात, तांब्याच्या कढईत, त्याला काहेता म्हणतात, आणि त्या गावाचं नाव त्याच्यामुळंच जगभर झालं. खालांच्या अंगणात उस्मानाबादी शेळी बांधलेली असते. काळी कुळकुळीत, लांब कानांची, नुकतीच व्यालेली. ही जात मराठवाड्याचीच, आणि मटणासाठी नावाजलेली. तिच्या दुधाचा विचार पिलांशिवाय कुणी करत नाही. खाला तेवढ्यात उठल्या. "रुको गुरुजी, देखती मैं."

ही म्हणाली, शेळीचं दूध घरात येणार असेल तर पातेलं वेगळं, चूल वेगळी आणि तुम्हीही वेगळे. माय म्हणाली, शेळीचं दूध लेकराच्या खोकल्याला चांगलं असतं, आणू द्या. मॅनेजर साहेब म्हणाले, तांब्याच्या कढईला कल्हई आहे का ते आधी बघा. नातवानं पुण्याहून फोनवर विचारलं की आता तरी गोट्या टाकणार का. मी सगळ्यांना हो म्हटलं आणि चरवी घेऊन खालांच्या दारात गेलो.

खाला शेळीपाशी बसल्या होत्या. दोन्ही करडं दोन बाजूंनी कासेला ढुशा देत होती, शेपट्या फटाफट हलत होत्या. खालांनी चरवीकडं बघितलं, करडांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "पहले बच्चे पीते जी. फिर कुछ बचा तो गुरुजी का."

मी उंबऱ्यावर बसलो. सध्या माझा नंबर दोन करडांच्या मागं आहे.